पुढच्या मंगळवारी या

टाके काढायला तो आला, तेव्हा ते घालून अकरा आठवडे झाले होते. काळ्या रेशमाचे तीन टाके. खरं तर सातव्या दिवशी काढायचे असतात. दोन आपोआप सुटून गेले होते, तिसऱ्यावर हिरडी चढली होती आणि बाहेर राहिलेल्या टोकावर अन्नाचा पिवळट थर जमला होता. "अहो, मी तुम्हाला मंगळवारी या म्हटलं होतं ना?" माझा आवाज जरा चढलाच. तो खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "आज मंगळवारच आहे, डॉक्टरबाई."

खरंच मंगळवार होता. मी सांगितलेल्या मंगळवारी तो नाशिककडे कुणाच्या तरी लग्नात पंगत वाढत होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी आणखी कुठेतरी. कंत्राटदार टेम्पोत बसवून नेईल तिकडे जायचं, खरकटं आवरून झालं की टेम्पो पहाटे आणून पुलाखाली सोडतो. फोन होता, तो झोपेत कुणीतरी उचलला. मधे दोनदा तो माझ्या दवाखान्यापर्यंत येऊन गेला होता म्हणे, पण रविवारी.

तेव्हापासून मी रेशमाचा धागा सोडला. आता विरघळणारा वापरते. थोडा महाग पडतो, पण काढायला कुणी यावं लागत नाही. गिरगावात सत्तावीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या बाईला एवढी साधी गोष्ट एका वाढप्याने शिकवावी लागली. आमच्या धंद्याचा सगळा डोलारा 'पुढच्या अमुक वारी या' या एका वाक्यावर उभा आहे. रूट कॅनाल म्हणजे दोन-तीन फेऱ्या. कवळी म्हणजे पाच: माप, पुन्हा नीट माप, चावा बघणं, मेणातली कवळी घालून बघणं आणि मग पक्की. घरदार, नोकरी, भिंतीवर कालनिर्णय असलेल्या माणसालाही हे जमवताना नाकी नऊ येतात. आज अंथरूण कुठे पडेल हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने काय करावं?

मंगळवारी रात्री साडेआठनंतर मी एका निवारा केंद्रात बसते. दवाखान्यापासून चालत दहा मिनिटं. केंद्रात माणसं कमी आणि बाहेर जास्त, अशी स्थिती असते. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. त्यात महाराष्ट्रातले दोन लाखांहून अधिक. मोजणी एका रात्रीत झाली आणि बेघर माणूस रात्री दिसू नये अशाच बेताने झोपतो, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांमध्ये दर लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा असावा असं सांगितलं. २०११ ची मुंबईची लोकसंख्या एक कोटी चोवीस लाख. म्हणजे किती निवारे लागतील, याचं गणित तिसरीतल्या मुलालाही येईल. किती आहेत, हे रात्री अकरानंतर ग्रँट रोड ते भायखळा चालत गेलं तर कळतं.

सुरुवातीला मीही शिबिरं केली. फलक, हार, रांग, टॉर्च मारून "आ करा", आणि हातात एक चिठ्ठी: अमुक रुग्णालयात दाखवा. सोबत ब्रश आणि पेस्ट. संध्याकाळपर्यंत एकशेचाळीस तपासले, असा आकडा होई, फोटो निघत. त्या एकशेचाळीस चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं, ते मी चार वर्षं विचारलं नाही. मग केंद्राच्या केअरटेकरने, म्हणजे तिथल्या दादांनी, एकदा सहज सांगितलं, "मॅडम, त्या चिठ्ठ्यांत लोक तंबाखू बांधतात. कागद चांगला असतो."

ब्रशचंही तेच. बेघर माणूस दात घासत नाही, असं आपण गृहीत धरतो आणि त्याला घासायला शिकवायला निघतो. एका हमालकाकांनी मला उलट विचारलं, "ब्रश ठेवू कुठं, ते सांगा." पिशवीत ठेवला तर पिशवी चोरीला जाते. खिशात ठेवला तर घामाने आणि मातीने भरतो. दुकानाच्या शटरमागे खोचला तर सकाळी दुकानदार फेकून देतो. पालिकेची 'गाडी' आली की गोणी-गोधडीसकट सगळंच जातं. आणि पाणी? सार्वजनिक शौचालयात पैसे मोजून आत जायचं, मागे दहा जण खोळंबलेले, तिथे बेसिनपाशी दोन मिनिटं उभं राहून दात घासणाऱ्याला शिव्याच मिळतात.

यावर एक तोड निघाली आणि ती घरात राहणाऱ्यांनाही उपयोगी आहे म्हणून सांगते. दात घासायला पाणी लागतच नाही. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घ्यायची, घासायचं, थुंकायचं आणि चूळ भरायची नाही. चूळ भरली की दातावर राहायला हवं ते फ्लोराइड धुऊन जातं. म्हणजे पाण्यावाचून, रात्री झोपताना, फूटपाथवर बसून घासलेले दात बेसिनवर खळखळून चुळा भरणाऱ्यापेक्षा काकणभर सरसच. ब्रश हरवला तर बोटाने लावा, पण पेस्ट लावा. हे सांगितल्यावर हमालकाका पहिल्यांदा हसले. इतकी वर्षं त्यांना जो तो 'स्वच्छ चूळ भरा' एवढंच सांगत आला होता.

पण खरा शत्रू ब्रशचा अभाव नाही, तो चहा आहे. आपण चहाला चहा म्हणतो. फूटपाथवर ते जेवण असतं. पहाटे कटिंग आणि पार्ले-जी, दहाला कटिंग, बाराला भूक मारायला कटिंग, मग वडापाव, मग पुन्हा कटिंग. साखर तोंडात गेली की तिथले जंतू तिचं आम्ल करतात आणि दाताचा वरचा कठीण थर त्यात झिजू लागतो. लाळ ते आम्ल हळूहळू निवळते, पण तिला त्यासाठी अर्धा-पाऊण तास लागतो. ती काम संपवते न संपवते तोच पुढचा कटिंग. दिवसभर तोंड आंबटच. त्यात ज्यांना मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतात, त्यांच्यात लाळ आधीच कमी. कित्येक गोळ्यांचा तो परिणाम असतो. मी कुणाला 'साखर सोडा' सांगत नाही. दुपारी बारा वाजता दहा रुपयांत पोटाला आधार देणारं दुसरं काय आहे, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

भूक मारणारी दुसरी वस्तू तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण दर चार प्रौढांपैकी एक जण धूर न काढता तंबाखू खाणारा निघाला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठे मिळते ते मात्र निवाऱ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आणि मिसरी. शहरातल्या तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती पूड बोटाने दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. नाव दात घासण्याचं, काम नशेचं.

आमच्याकडे एक मावशी येतात. बहात्तरच्या दुष्काळात परभणीकडून आईच्या पाठोपाठ मुंबईत आल्या, तेव्हापासून भायखळ्याकडच्या फूटपाथवर. आता सून आणि नातवंडंही तिथेच. व्यापाऱ्याचा लसूण सोलून देतात. दिवसातून पाच वेळा मिसरी. "ती लावल्याबगर पोट साफ होत न्हाई," हे मी बायकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यावर वाद घालत नाही. त्यांचा खालचा ओठ ओढून बघितला तर आत, मिसरीचं बोट जिथे टेकतं नेमक्या तिथे, पांढरा सुरकुतलेला चट्टा. असा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावर बसलेला पाहुणा. तुकडा काढून तपासला. अजून तरी निभावलं आहे. मिसरी पाचाची दोनवर आली आहे आणि मावशी दर दोन-तीन महिन्यांनी ओठ दाखवून जातात. "बगा, काय म्हंतोय तुमचा पावना?"

दादांना आणि निवाऱ्यातल्या आणखी दोघांना मी तोंड बघायला शिकवलं आहे. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सगळ्यांत जास्त आढळतो आणि तो बघायला यंत्र लागत नाही, मोबाइलचा टॉर्च पुरतो. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघायचं. दोनच जात असतील तर सुपारी-गुटख्याने गाल आतून आखडत चालले आहेत. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, आपोआप हलू लागलेला दात: लगेच मला फोन. आजवर दादांनी असे नऊ जण माझ्याकडे पाठवले. एक जण उशिरा आला होता.

दुखणाऱ्या दातावर लोक काय काय करतात, याचा मी मनातल्या मनात एक संग्रह केला आहे. लवंग, कापूर, झेंडू बाम, चुना, तंबाखूची गोळी, देशीचा घोट गालात धरून ठेवणं. डोकेदुखीची गोळी चुरून दाढेशी दाबून ठेवतात. त्यातल्या काही गोळ्या आम्लासारख्या असतात, दुखणं तसंच राहतं आणि गाल आतून पांढराफटक भाजतो. रिकाम्या पोटी दिवसाला सात-आठ वेदनाशामक गोळ्या गिळणाऱ्याला शेवटी दात नव्हे, जठर घेऊन रुग्णालयात जावं लागतं. भंगार गोळा करणारे एक काका मात्र या सगळ्यांच्या पुढे गेले. त्यांनी पकडीने स्वतःची दाढ उपटली. अर्धी निघाली. निघालेला तुकडा त्यांनी काडेपेटीत जपून ठेवला होता, तो मला दाखवला, आणि उरलेली मुळं काढायला मला पाऊण तास लागला.

मला वाटायचं, हे आपल्याकडेच. मग लंडनच्या ग्राउंडस्वेल या संस्थेचा २०१७ चा अहवाल वाचनात आला. त्यांनी तिथल्या २६० बेघरांना विचारलं, आणि विचारणारे स्वतः कधीतरी बेघर राहिलेले. १५ टक्के लोकांनी आपला दात आपणच उपटला होता. ७० टक्के लोकांचे बेघर झाल्यानंतर दात गेले होते. सरकारी दंतसेवा असलेल्या देशात हे! त्या संस्थेची एक रीत मला फार आवडली: बेघर माणसासोबत रुग्णालयात जायला, रांगेत त्याच्याशेजारी बसायला, ते जग स्वतः भोगलेला एक सोबती देतात. आपल्याकडे आजारी माणसाबरोबर कुणीतरी 'सोबत' जायची पद्धत आहेच. ज्याला सोबतच नाही, त्याचं काय करायचं, हे मात्र आपण ठरवलेलं नाही.

सोबतीचं मोल मला एका जुलैच्या रात्री कळलं. पावसाने रस्ता भरलेला. दादांचा फोन: "मॅडम, एकाची मान सुजलीय, थुंकी गिळता येत नाही." असं वाक्य ऐकलं की आम्ही दंतवैद्य हातातलं टाकून उठतो. खालच्या दाढेचा पू जबड्याखाली दोन्ही बाजूंना पसरला की जीभ वर उचलली जाते आणि श्वास कोंडतो. तिथे दात काढायला बसायचं नसतं, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पळायचं असतं. दादा आणि मी टॅक्सीत त्याला मधे बसवून नेलं. खिडकीतून पहिला प्रश्न आला, पत्ता? तो बोलू शकत नव्हता. बोलू शकला असता तरी काय सांगणार होता? मी माझ्या दवाखान्याचा पत्ता घातला. नातं? दादा म्हणाले, "भाऊ." सूज चिरून पू काढला, आठवडाभर तो आत राहिला, वाचला. सगळ्याचं मूळ होती एक किडलेली दाढ. दोन वर्षांपूर्वी अर्ध्या तासात निघाली असती. किंवा शिबिरात मीच त्याला चिठ्ठी दिली असेल, कुणास ठाऊक.

त्या रात्रीनंतर आम्ही पद्धत बदलली. पहिला नियम, दुखतंय त्याला तारीख नाही. रक्तदाब आणि साखर तिथेच बघते आणि काढण्याजोगा दात असेल तर त्याच रात्री त्याला चालवत दवाखान्यात नेते. निवाऱ्यात मी दात काढत नाही. निर्जंतुक करण्याच्या बाबतीत गरिबांसाठी वेगळं माप लावायचं नसतं. भूल नीट चढत नाही अशी या लोकांची तक्रार असते आणि डॉक्टर मंडळी 'दारूमुळे' म्हणून मोकळी होतात. बहुतेक वेळा कारण पू असतो. पू भरलेल्या जागी आम्लता वाढते आणि भुलीचं औषध तिथे दुबळं पडतं. आधी पू वाट करून काढला, की ओरडणाऱ्याचं ओरडणं थांबतं.

दात काढल्यावर सूचना द्यायच्या असतात. त्यातही मी बरीच वर्षं पाठ केलेलं बोलत होते. 'उद्यापासून कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा.' कोमट पाणी कुठलं? 'आज जड उचलू नका.' हमालाला! आता दादा सकाळी चहाच्या पातेल्याआधी एक पातेलं पाण्याचं ठेवतात, त्यात चमचाभर मीठ. आणि हमाली करणाऱ्याचा दात मी शक्यतो त्याच्या सुट्टीच्या आदल्या रात्री काढते.

काढायची गरज नसलेल्या किडीसाठी माझ्या पेटीत दोन वस्तू असतात. एक, चांदी आणि फ्लोराइड असलेलं एक औषध, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. निवाऱ्यात सगळे त्याला 'चांदीचं पाणी' म्हणतात. जपानमध्ये ते पन्नास वर्षांहून जास्त काळ वापरात आहे. कीड कोरायची नाही, भूल नाही, वीज नाही. दात कापसाने कोरडा करायचा आणि एक थेंब चोळायचा. बहुतेक वेळा कीड जागीच थबकते. सहा महिन्यांनी पुन्हा लावलेलं बरं, पण माणूस सहाऐवजी दहा महिन्यांनी सापडला तरी काही आभाळ कोसळत नाही. एकच खोट: किडलेला भाग कायमचा काळा होतो, हे आधी सांगावं लागतं. दुसरी वस्तू, ग्लास आयोनोमर सिमेंट. हातातल्या अवजाराने मऊ कीड खरवडायची आणि ते भरायचं. दाताला आपणहून चिकटतं. ड्रिलशिवाय दात भरण्याची ही रीत ऐंशीच्या दशकात टांझानियात सुरू झाली, तिथल्या खेड्यांत वीज नव्हती म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही दोन्ही द्रव्यं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. माझ्या काही सहकाऱ्यांना हा 'कमी दर्जाचा' इलाज वाटतो. पूर्ण न होणाऱ्या उत्तम इलाजापेक्षा एका बैठकीत संपणारा हा इलाज मी कधीही पत्करीन.

काळ्या डागाला दाढेत कुणी हरकत घेत नाही. पुढच्या दातात मात्र घेतात, आणि इथे माझं आणि रुग्णांचं जमत नसे. मला दाढांची काळजी, चावता आलं पाहिजे. त्यांना पुढचे दात हवेत. मला तो नटवेपणा वाटायचा. अकरा आठवड्यांच्या टाक्यांवाल्या त्या वाढप्याने तेही डोक्यात घातलं. त्याचे वरचे चार दात गेल्यापासून कंत्राटदाराने त्याला पंगतीतून काढून मागे भांड्यांवर बसवलं होतं. "बोळकं घेऊन जिलबी वाढायची नाही," असं त्याला सांगितलं गेलं. वाढप्याला जास्त पैसे मिळतात, धुणाऱ्याला कमी. त्याने मधे एका रस्त्यावरच्या दातवाल्याकडून तारेने बांधलेले अ‍ॅक्रिलिकचे दात बसवूनही घेतले होते. ते निघत नव्हते, त्यांच्याखाली हिरडी सडली, आणि त्याच जागेचे ते टाके होते.

त्याला काढघाल करता येईल अशी छोटी कवळी द्यायची ठरली. पाच फेऱ्यांच्या तीन केल्या. माझे लॅबवाले काका जुने, चावा आणि माप एकाच रात्रीत घेतलं तर कुरकुरतात पण चालवून घेतात. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची असते, नाहीतर टाळूला बुरशी धरते. काढून उशाशी ठेवली तर सकाळी मिळेल याची खात्री नाही. मग ठरलं: निवाऱ्यात झोपेल तेव्हा झाकणाची डबी दादांच्या कपाटात, बाहेर असेल तेव्हा जेवणानंतर तासभर काढून खिशातल्या डबीत. अर्धवट का होईना, टाळूला हवा मिळते. लॅबवाल्या काकांनी कवळीच्या आतल्या बाजूला, पारदर्शक थराखाली, नावाची बारीक चिठ्ठी बसवायची तयारी दाखवली, हरवली तर ओळखता यावी म्हणून. "गावाचं नाव पण घालू का?" काकांनी विचारलं. तो घाईने म्हणाला, "गाव नको. सापडली तर गावालाच पाठवतील."

दादांच्या वहीत पूर्वी 'पुढील तारीख' असा रकाना होता. आता तिथे 'कुठे, कधी सापडतो' असं आहे. हमालकाका: मंडईमागे, दुपारी दोन ते तीन, झोपलेले असतात, उठवलं तर चालतं. मावशी: लसणाच्या गोणीपाशी, कधीही; ओठ. भंगारवाले: पहाटे साडेपाच, नळ, डावीकडची दाढ, चांदीचं पाणी राहिलंय. वाढप्याच्या नावापुढे दादांनी लाल पेनाने लिहिलं आहे: तुळशीच्या लग्नानंतर सापडणार नाही. परवा तुळशीचं लग्न. कवळी लॅबमधून आज संध्याकाळी यायची आहे, आणि काकांचा फोन लागत नाहीये.